पडद्यांचं गिऱ्हाईक

३ मार्च, मंगळवार

ही वही लेकीनं दिली. म्हणाली, आई, तू दिवसभर माझ्याशी जेवढं बोलतेस त्यातलं निम्मं हिच्यात लिहीत जा, माझे कान जरा विसावतील. बघू या. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. मास्तर म्हणायचे, हिचं अक्षर कोंबडीचे पाय आणि जीभ कात्री. अक्षर अजून तसंच आहे. जीभ मात्र मी वेळच्या वेळी धार लावून ठेवलीय.

आज लिहायला कारणही मिळालं. सकाळी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, ह्यांचे सख्खे भाऊ. वय त्र्याहत्तर, केस खांद्यापर्यंत, अंगात कोट. मी दारातच विचारलं, मुलगी बघायला निघालात का. तर म्हणाले, वहिनी, रेकॉर्ड पुन्हा निघतेय.

एका काळी भाऊजींचा चौघांचा बँड होता. खेड्यापाड्यांतली जुनी गाणी घ्यायची, त्याला गिटार नि ड्रम लावायचे, आणि पोरंसोरं नाचायची. मग भांडणं झाली, बँड फुटला. ड्रमवाला तर भाऊजींचं तोंड बघायला तयार नव्हता. तेव्हा भाऊजींनी एकट्यानं एक रेकॉर्ड काढली. नाव 'सोबतीला कुणी नाही'. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. तेव्हा ती कुणी फारशी ऐकली नाही. खपल्या नाहीत त्या तबकड्या आमच्याच माळ्यावर होत्या, उन्हाळ्यानं त्यांच्या पसरट वाट्या झाल्या. आणि आता म्हणे तरणी पोरं ती शोधत फिरतात. म्हणून कंपनी ती नव्यानं काढणार, जाड पुठ्ठ्यात, आत एक पुस्तिका घालून.

पुस्तिकेचा मजकूर भाऊजींनी वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की गायक डोंगरात एका लाकडी झोपडीत तीन महिने एकटा राहिला आणि तिथं ही गाणी झाली. मी म्हटलं, भाऊजी, त्या झोपडीत चहा कोण आणून देत होतं, अस्वल? ते हसले नाहीत. ती झोपडी म्हणजे आमच्या शिंप्याच्या दुकानाची मागची खोली. डोंगर म्हणजे कापडाचे तागे. पण भाऊजी गेली चाळीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत ती झोपडी सांगत आलेत, आता ती पाडायची कशी.

असो. मला अभिमान वाटला हे खरं. त्यांच्यासमोर तसं दाखवलं नाही, माणूस फुगतो.

मूळ टेपा ह्यांनी जपून ठेवल्या होत्या, पेटीत. हे जाऊन नऊ वर्षं झाली, पण ह्यांनी ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडते. पेटी उघडली तर वर तेच ते सहा पडदे. हे काय प्रकरण आहे तेही लिहून ठेवते, म्हणजे शिव्या देताना तपशील चुकायला नको. भाऊजी मागच्या खोलीत गात होते त्याच दिवसांत ह्यांनी मला हे पडदे शिवायला दिले. कुठल्याशा हॉलचे, घाई आहे म्हणाले. एकेक चौदा हात लांब, शिलाई एकदा सुरू केली की मध्ये थांबायला जागा नाही. मी विचारलं, चौदा हात उंच खिडकी असते कुठे? तर म्हणाले, तू शिलाई सरळ घाल, खिडकीचं गिऱ्हाईक बघून घेईल. गिऱ्हाईक आजतागायत आलेलं नाही. दर वर्षी पडद्यांना ऊन दाखवते आणि त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

पडद्यांखाली टेपांचे दोन डबे. भाऊजी ते पोटाशी धरून गेले.

५ मार्च

टेपा चिकटल्या. एवढ्या वर्षांत ओल धरली म्हणे. त्या दुरुस्त करणारी एक टेपवाली बाई आहे, भाऊजींबरोबर मीही तिच्याकडे गेले; चाळिशीची असेल, गळ्यात हेडफोन, बोलणं मोजकं. ती म्हणाली, आठ तास मंद आचेवर भाजायला लागतील, मग एकदा नीट वाजतील. मला वाटलं थट्टा करतेय. नाही, खरंच त्यासाठी छोटी भट्टी आहे तिच्याकडे. मी भाऊजींना म्हटलं, कच्चे होतात म्हणून तेव्हा खपला नाहीत, आता भाजून बघू. बाई हसली. भाऊजींनी खिडकीबाहेर बघितलं.

संध्याकाळी एक पँट आखूड करत बसले होते. लेकीनं मोबाईलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली, काकांच्या रेकॉर्डच्या बातमीबरोबर लावते म्हणाली. झालं. पाय अडखळले, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. मला कुणी बघतंय असं कळलं की माझे पाय पायमशीन विसरतात. लग्न झालं तेव्हापासूनच असं आहे. हे म्हणायचे, तुझ्याकडून चांगली शिलाई घ्यायची तर तुझ्याकडे पाठ करून बसायला हवं.

६ मार्च

आज ऐकलं. बाईच्या खोलीत भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलंय, तिथं आपला श्वासही आपल्याला ऐकू येतो. बाईनं रीळ लावलं आणि भाऊजींचा एकतीस वर्षांचा आवाज आला. अंगावर काटा आला, खोटं नाही लिहीत. आत्ता शेजारी बसलेला म्हातारा आणि तो आवाज, दोन्ही एकाच माणसाचे.

आणि गाण्याच्या मागे खटरखटर, खटरखटर. मी पटकन म्हणाले, अगं बाई, हे तर माझं मशीन. मी पुढच्या खोलीत शिवत होते ना. मधलं दार हे उघडंच ठेवायचे. थंडीचे दिवस, मी शाल गुंडाळून शिवतेय, आणि ह्यांचं आपलं, दार राहू दे, उकडतंय. तऱ्हेवाईक माणूस.

'नदीपार' हे गाणं मला सगळ्यांत आवडतं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात मशीन एका जागी किंचित लडखडतं. मला ती जागा अजून आठवते. मी मान खाली घालून पडदा शिवत होते, सहावा. सहज वर बघितलं तर हे मधल्या दारात उभे, माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, खूश होऊन. मी लाजले आणि शिलाई वाकडी गेली. बेचाळीस वर्षांपूर्वीचं लाजणं टेपेवर सापडलं. मी बाईला हे सांगितलं नाही, उगाच कशाला.

 मशीन सुरू झालं की भाऊजींच्या कपाळावर मात्र आठ्या. नंतर बाईला बाहेर घेऊन गेले, बराच वेळ काहीतरी बोलत होते. टेपा भाजायच्या आचेबद्दल असेल.

१४ मार्च

टेपवाल्या बाईनं गाणी साफ करून पाठवली. भाऊजींनी ती इथं येऊन लावली. लेक खाली दुकानातच होती, तीही बसली.

आवाज काचेसारखा. गिटारची तार न् तार वेगळी. मशीन गेलं. मला आधी वाटलं, बरं झालं, एवढ्या मोठ्या गाण्यात आपली खटरखटर कशाला. पण 'नदीपार' लागलं आणि मला बसवेना. गाणं लंगडत होतं. एक पाय तोकडा शिवलेला पायजमा घालून माणूस चालावा तसं. मध्येच पुढे धावायचं, मध्येच कुणासाठी तरी थांबल्यासारखं करायचं, आणि ते कुणी येतच नव्हतं.

मी तसं बोलून दाखवलं. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्हाला सवय नाही, आता स्वच्छ झालंय ते.  खरंच, मला गाण्यातलं काय कळतं. काज कुठे कापायचं ते कळतं. पण शिलाई वाकडी गेली की ती मला पाठमोरी बसूनसुद्धा कळते, आणि ही वाकडी गेलीय.

सगळा राग त्या बाईवर. आली मोठी साफसफाई करणारी.

१६ मार्च

रात्रीपासून डोक्यात तेच. लेकीला म्हटलं, त्या बाईनं गाण्याची वाट लावली. लेक म्हणाली, आई, ती कामावरची बाई आहे, मनानं कशाला काढेल, तिला कुणीतरी सांगितलं असेल ना. मी म्हटलं, कोण सांगणार? ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, चहा टाकते.

दुपारी एक युक्ती केली. लेकीकडून ते साफ केलेलं 'नदीपार' मोबाईलवर लावून घेतलं, तिला वर पाठवली, दार लावलं. मशीनवर एक जुनी चादर घातली आणि पाय चालवायला लागले. कुणी बघत नव्हतं, त्यामुळे पायही शहाण्यासारखे वागले. दोन ओळी झाल्या नि गाणं सरळ चालायला लागलं. जणू कुणी हात धरला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी मशीन थांबवलं की भाऊजी भरकटायचे, सुरू केलं की वाटेवर यायचे.

म्हणजे ते माझ्या मशीनच्या चालीवर गात होते. त्यांनाही ठाऊक नसेल, आणि मला तर नव्हतंच. गंमतच आहे. कोपऱ्यात बसून चादरी शिवणारी बाई, आणि तिच्या पायावर हा एवढा गवई चालतोय.

चारदा वाजवलं. चादर चारी बाजूंनी दुमडून झाली.

२० मार्च, शुक्रवार

टेपवाली बाई टेपा आणि डबे परत द्यायला आली. कंपनीला पंचवीस तारखेपर्यंत भाऊजींची मंजुरी हवी, मग तबकड्या छापायला जाणार, मग बदल नाही. मी तिला बसवली, चहा दिला, आणि मग म्हटलं, बाई, जरा त्या भिंतीकडे तोंड करून बसा. तिला काही कळेना पण बसली. गाणं लावलं आणि शिवायला लागले.

गाणं संपल्यावर ती वळली नाही. भिंतीकडे बघतच म्हणाली, "काकू, मी गोंगाट म्हणून ड्रमवालाच काढून टाकला."

मी म्हटलं, मग घाला परत. त्यावर ती जे बोलली ते लिहायला हात उचलत नाही. म्हणाली, घालता येईल, जुनी टेप शाबूत आहे, पण मशीन काढायला भाऊजींनीच सांगितलंय. स्पष्ट सांगितलंय. डोंगरातल्या झोपडीत शिलाई मशीन कुठून आलं, असं लोक विचारतील म्हणाले. त्यांच्या परवानगीशिवाय तिला बोट लावता येणार नाही.

आठवडाभर मी ह्या गरीब बाईच्या नावानं खडे फोडले, आणि कुंपणच शेत खात होतं. तिला दुसरा कप चहा दिला, न विचारता. तेवढीच माफी.

नंतर एकटी बसले. माझं मशीन काढलं म्हणून वाईट वाटलं का? थोडं वाटलं, कशाला लपवू. पण त्याहून जास्त वाईट ह्याचं की एका झोपडीपायी, जी नव्हतीच, हा माणूस आपलं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम लंगडं करून लोकांच्या हातात देणार. आमच्या दुकानातून वाकडी शिलाई कधी बाहेर गेली नाही. गेली असती तर हे रस्त्यात गिऱ्हाईक गाठून कपडा परत घेऊन आले असते.

२२ मार्च, रविवार

भाऊजींना बोलावून घेतलं. म्हटलं, कोट घालू नका, भांडायचंय.

आले. मी सगळं बोलले. गाणं कसं लंगडतंय, मशीन लावलं की कसं उभं राहतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की ते त्यांना कळतं. मला वाटलं होतं कळत नसेल, म्हणून मी जरा मऊ बोलत होते. कळतं म्हटल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, कळतं आणि तरी? झोपडी एवढी लाडकी?

तेव्हा बेचाळीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. झोपडी नंतर सुचली म्हणाले. खरी गोष्ट सांगायची लाज वाटायची. बँड सोडून गेलेला, खिशात काही नाही, भावाच्या दुकानात मागे बसून गायचं. आणि भाऊही असा, की त्याला धाकट्याच्या गाण्यापुरतं तासभर मशीन थांबवता येत नव्हतं.

"किती वेळा मनात आलं, दादाला सांगावं, आजचा दिवस राहू दे शिवण. पण मी त्याच्या घरात खात होतो, कुठल्या तोंडानं सांगणार? त्याच्या लेखी माझ्या गाण्यापेक्षा पडदे मोठे होते, वहिनी."

मला हे सोसलं नाही. मला काय बोलायचं ते बोला, ह्यांना नाही. म्हटलं, तुमच्या भावाइतकी तुमच्या टेपांची काळजी कुणी घेतली नाही. पुठ्ठ्याला वाळवी लागू नये म्हणून दर वर्षी पेटी पुसायचे. कामाला वाघ होते म्हणून मशीन थांबत नव्हतं, एवढंच. त्यांच्या डोक्यात शिवणकाम इतकं, की तुमच्या टेपेच्या डब्यावरसुद्धा दुकानाचं काम टिपून ठेवलंय. बघा.

आणि झाकण काढून आतली बाजू त्यांच्यापुढे धरली. ती मी परवाच बघितली होती, बाई डबे देऊन गेली तेव्हा. ह्यांचं बारीक, तिरपं अक्षर, पेन्सिलीनं:

धुकं: तंबूचं कापड, सुई अठरा.
नदीपार: पडदा. सहावा बरा.
बाजाराचा दिवस: पिशव्या, तुटक शिलाई.
आईची हाक: काजं. मशीन बंद.

भाऊजींनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला विचारलं, तंबूचं कापड म्हणजे काय. मी सांगितलं, जाड कापड, मशीन जडशीळ चालतं, पाय हळू टाकायला लागतात, नाहीतर सुई मोडते. कुठल्या तंबूवाल्याचं होतं? ते काही आठवत नाही, तंबूवालाही फिरकला नाही. मग म्हणाले, पिशव्या? म्हटलं, वीतभर शिलाई, थांबा, वळवा, वीतभर शिलाई. आणि काजं? ती हातानं, मशीनचं काम नाही. असली बाळबोध चौकशी. शिंप्याच्या घरात वाढलेला माणूस आणि काज म्हणजे काय विचारतो.

एक चूक मात्र मीच दाखवली. म्हटलं, तुमचे दादा इथं चुकलेत बघा. सहावा बरा लिहिलंय, पण सहाव्यातच माझी शिलाई वाकडी गेली होती. बरा तर पाचवा होता.

भाऊजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "त्या पडद्यांचं गिऱ्हाईक कोण होतं, वहिनी?"

म्हटलं, मला ठाऊक असतं तर मी त्याला सोडलं असतं का? आलंच नाही मेलं.

त्यावर ते हसायला लागले. हसता हसता तोंडावर रुमाल धरला, आणि मग खांदे हलत होते ते हसण्यानं का कशानं, मला सांगता येणार नाही. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर उठून उभे होते, झाकण हातात. हे मी नेऊ का म्हणाले. म्हटलं, न्या, पण डबा उघडा पडेल. चहा न घेताच गेले. मी भांडायला बोलावलं आणि भांडण मध्येच राहिलं. दोघे भाऊ सारखेच विचित्र.

२५ मार्च

आज शेवटची तारीख. दिवसभर फोनकडे बघत होते. एका झग्याला बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली.

चार वाजता टेपवाल्या बाईचा फोन. भाऊजींनी कंपनीला कळवलं की साफ केलेली गाणी नकोत. जशी आहेत तशी, मशीनसकट. आणि पुस्तिकाही थांबवलीय, ती स्वतः लिहून देणार आहेत. कंपनीवाला म्हणे कुरकुरला, झोपडीमुळे विक्री होते म्हणाला. भाऊजी म्हणाले, मग झोपडीचीच रेकॉर्ड काढा.

मी बाईला म्हटलं, बघा, कुणाचे दीर आहेत.

१२ एप्रिल

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. भाऊजी फोन करून काहीबाही विचारतात. मधलं दार कुठल्या बाजूला उघडायचं. मशीन कुठे होतं. मी सांगते आणि वर विचारते, का हो, अस्वलाला भेटायला जायचंय का. आता हसतात.

१६ मे, शनिवार

आज रेकॉर्ड निघाली. एक जुना हॉल, दोन-अडीचशे खुर्च्या, सगळ्या भरल्या. बहुतेक पोरंपोरी, माझ्या लेकीहून लहान. मी तिसऱ्या रांगेत. लेकीनं मला नवीन पादत्राणं घ्यायला लावली, ती चावत होती.

भाऊजी गिटार घेऊन स्टूलवर बसले.  आधी बोलले. म्हणाले, बेचाळीस वर्षं मी तुम्हाला एक झोपडी सांगत आलो.

"डोंगरात झोपडी नव्हती. शिंप्याचं दुकान होतं. आणि मी एकटा नव्हतो. मला तसं वाटत होतं, एवढंच."

 मला वाटलं, आता लोक उठून जातात की काय. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. मला उभं राहायला लावलं. कुणी बघितलं की माझे पाय अडखळतात, आज अडीचशे जण बघत होते. लेकीचा खांदा धरून उभी राहिले. मान खाली घालणार होते, पण म्हटलं, कशाला. वर करून बघितलं सगळ्यांकडे.

भाऊजी पुढे म्हणाले, अजून एक माणूस आहे, पण त्याची गोष्ट आधी घरी सांगायचीय, मग तुम्हाला.

मग 'नदीपार' लावलं, तबकडीवरून. हॉलभर माझं मशीन. शेजारची एक मुलगी पायानं ताल धरत होती. मला तिला सांगावंसं वाटलं, बाळ, तिसऱ्या कडव्यात जरा सांभाळ, तिथं वाकडं आहे.

येताना गाडीत मी पुठ्ठा वाचला. वर तेच नाव, 'सोबतीला कुणी नाही'. ते बदललं नाही, आणि बरं केलं, आता ते वाचून हसू येतं. मागे लिहिलंय: गायन आणि गिटार, भाऊजींचं नाव. त्याखाली: शिलाई मशीन, आणि माझं नाव. पूर्ण. माहेरच्या शाळेच्या दाखल्यानंतर माझं पूर्ण नाव कुठे छापलेलं मी बघितलं नव्हतं. बोट फिरवून बघितलं, शाई उठून येत नाही.

त्याखाली अजून एक ओळ आहे. 'कापडाची निवड', आणि ह्यांचं नाव. गाण्याच्या पुठ्ठ्यावर कापडाचं काय काम? छापणाऱ्यानं घोळ घातला असेल. लेकीला विचारलं. तिनं गाडी बाजूला घेतली आणि रडायला लागली. चिडवणार होते, पण नाही चिडवलं.

१७ मे, रविवार

सकाळी दहाला दार वाजलं. भाऊजी. केस विंचरलेले, अंगात तोच कोट. आत येईनात. उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, पडदे न्यायला आलोय."

मी म्हटलं, कुठले?

"चौदा हाती. सहा आहेत ना?"

म्हटलं, ते गिऱ्हाइकाचे आहेत.

"हो," म्हणाले. "तो मीच."

मला वाटलं थट्टा. माझ्यासारखीच भाऊजींनाही आता खोड लागली. आमच्या दुकानाचा नियम, पावती दाखवल्याशिवाय कपडा हलत नाही, राजा का असेना. मी हात पुढे केला. म्हटलं, पावती?

भाऊजींनी कोटाच्या आतून ते झाकण काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

मी मशीनच्या स्टूलावर बसले. चार ओळी. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला त्यात दुकान दिसलं होतं. आज पुन्हा वाचल्या. धुकं हे गाणं किती संथ आहे, ते आठवलं. बाजाराच्या गाण्यात भाऊजी कसे दोन शब्द म्हणतात नि थांबतात, ते आठवलं. आईच्या गाण्यात मागे काहीच वाजत नाही. मग थंडीत उघडं ठेवलेलं दार आठवलं, चौदा हाती खिडकी आठवली, कधीच न आलेला तंबूवाला आठवला. सहावा बरा. पडदा नव्हे, सहाव्यांदा गायलेलं गाणं. मधल्या दारात उभं राहून हा माणूस मान हलवत होता, ती शिलाईला नव्हे.

बेचाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला शिव्या देत होते आणि हे शेजारी बसून ऐकत होते. तेहेतीस वर्षं तरी ऐकल्या. एकदाही म्हणाले नाहीत की अगं, गिऱ्हाईक घरातच आहे. सांगितलं असतं तर भाऊजी ताठले असते, ड्रमवाल्याचा राग ताजा होता, कुणाची मदत घेतली नसती. आणि मला सांगितलं असतं तर माझे पाय अडखळले असते. दोघांनाही पुरते ओळखून होते. सगळ्यांकडे पाठ करून बसले, आणि चांगली शिलाई काढून घेतली.

भाऊजी उंबऱ्यातच उभे. मी त्यांना म्हटलं, बेचाळीस वर्षं उशीर करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघते, दुसरं कुणी असतं तर ह्या पडद्यांचं पायपुसणं केलं असतं मी. ते म्हणाले, चुकलं. मग दोघांनीही जरा दुसरीकडे बघितलं.

पेटी उघडून पडदे काढले. नीट घड्या घालून पाच त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले आणि म्हणाले, सहावा?

म्हटलं, त्यात एक शिलाई वाकडी आहे, आमच्या दुकानातून तसा माल जात नाही. दुरुस्त करून ठेवते, नंतर या.

कधी येऊ म्हणाले.

म्हटलं, या आठवड्याभरानं. तोवर झाला नाही तर पुढच्या आठवड्यात या.